न्यायाधीशाची डावी टाच

शनिवार, ९ मार्च

आदरणीय दादांना,

सकाळी कार्यशाळेत गेलो. दोन जोड पूर्ण केले, एका बाईंच्या पायाचं माप घेतलं. घरी येऊन जेवलो, भांडी घासली. दुपारी वाचनालयात गेलो. परत आल्यापासून खोलीत येरझाऱ्या घालतो आहे, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

तुमचं सांत्वनाचं पत्र हिला जाऊन आठवडा झाला तेव्हाच मिळालं होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं, क्षमा असावी. मला लिहायची सवय नाही. या घरात वाचणं, लिहिणं, बोलणं सगळं तुमच्या बहिणीकडे होतं. माझ्याकडे ऐकणं होतं.

तुमची माझी ओळख नाही म्हटलं तरी चालेल. ही दरवर्षी माहेरी एकटीच यायची. मी गाडीत बसवून द्यायचो आणि परतताना स्टँडवर घ्यायला जायचो. चामड्याचं काम करणाऱ्याच्या घरी तुमच्याकडचं कुणी कधी आलं नाही. ते आता उकरून काढायचं नाही मला. पण तुम्ही जन्मभर कॉलेजात साहित्य शिकवलंत, आणि होडीवालीची ती जाड कादंबरी लहानपणी तुम्हीच हिच्या हातात दिली होतीत. म्हणून तुम्हालाच विचारतो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही दर शनिवारी एक मंडळ चालवायची. चारपाच माणसं, एक पुस्तक, आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं. ही गेल्यावर ग्रंथपाल बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसते येऊन बसा हो. ती खुर्ची रिकामी बघवत नाही." म्हणून जातो. वाचत नाही, बसतो.

आज होडीवालीची कादंबरी संपली. हिनं घालून दिलेली एक पद्धत आहे. पुस्तक संपलं की ते मिटून टेबलाच्या मधोमध ठेवायचं आणि प्रत्येकानं आपल्याला लागलेला एक प्रसंग न बघता सांगायचा. सगळ्यांचे झाल्यावर दातांचे डॉक्टर मला म्हणाले, "आज तुम्हीही बोला. किती दिवस फुकट ऐकणार?"

मी न्यायाधीश होडीवालीच्या दाराशी येतो तो प्रसंग सांगितला. मला तो तोंडपाठ आहे. मी घरी बूट शिवत बसायचो तेव्हा ही मला वाचून दाखवायची. हे एक पुस्तक तर वर्षाआड व्हायचंच, कारण तो प्रसंग मी मागून घ्यायचो.

माझं सांगून झालं. मग डॉक्टर म्हणाले, "छान आहे. पण हे पुस्तकात नाही."

"आहे," मी म्हणालो.

"अहो, आत्ताच तर शेवटचं पान वाचलं आपण!"

त्यांचं खरं होतं. शेवटचं पान वाचताना मीही मनात म्हणत होतो की हे अजून पुढे आहे. पण मला वाटलं, आजच्या वाचणाऱ्यानं कंटाळून पानं गाळली असतील. बेकरीवाले माझ्या बाजूनं उठले. "हा माणूस चार महिन्यांत चार वाक्यं बोललेला नाही, तो काय थापा मारणार? लागली पैज, डॉक्टर! माझ्या हातचा केक!" मग टेबलावर तीनजण एकाच पुस्तकावर तुटून पडले. पानं फाटतील म्हणून ग्रंथपाल बाई ओरडायला लागल्या. त्या खोलीत मी एवढा गोंधळ कधी ऐकला नव्हता. खरं सांगू का, मला बरं वाटलं.

प्रसंग सापडला नाही. तुमच्याकडे जुनी प्रत असेल. कृपया शेवट बघून कळवाल का?

आपला,
(तुमच्या बहिणीचा नवरा)


शुक्रवार, १५ मार्च

महोदय,

आपले पत्र पोचले.

आपण म्हणता तसा प्रसंग कादंबरीत नाही. हे पुस्तक मी नोकरीभर शिकवले, त्यामुळे प्रत न उघडता सांगू शकतो. तरीही उघडून पाहिली. होडी उलटून माणसे बुडतात. होडीवालीचा बाप फाशी देणारा जल्लाद होता, एवढ्यावरून सारे गाव तिलाच दोषी धरते आणि न्यायाधीश तिला गावाबाहेर काढतो. पुढे होडीचा दोर कुजलेला होता हे उघडकीस येते. न्यायाधीशाला सत्य कळते. शेवटच्या पानावर तो खिडकीतून तिची झोपडी पाहतो आणि झडप लावून घेतो. पुस्तक तिथे संपते.

त्यातच त्याचे मोठेपण आहे. माणसाला चूक कळणे आणि त्याचा पाय उचलला जाणे यांत केवढे अंतर असते, हे लेखकाला दाखवायचे आहे. न्यायाधीश दाराशी गेला असता तर ती साधी गोड गोष्ट झाली असती. ऐकणाऱ्याचे मन पुष्कळदा स्वतःच्या पदरची भर घालते. शोकात तर अधिकच.

पैज आपण हरलात असे बेकरीवाल्यांना कळवावे.

आपला नम्र


बुधवार, २० मार्च

आदरणीय दादांना,

रागावू नका, पण प्रसंग आहे.

ग्रंथपाल बाईंनी दुसऱ्या वाचनालयातून आणखी एक प्रत मागवली. त्यातही नाही. बेकरीवाले म्हणतात, छापणाऱ्यांनी मिळून दाबला असणार. पण मी पदरची भर घालणारा माणूस नाही हो. माझं काम एकेका पायाच्या मापाचं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा वाकलेला. जेवढं कागदावर उतरेल तेवढंच चामड्यात उतरवायचं, त्यात माझं काही घालायचं नसतं. तसंच माझं ऐकणं. मी तो प्रसंग जसाच्या तसा लिहितो, तुम्हीच बघा.

भर दुपार असते. होडीवाली झोपडीच्या दारात जाळं दुरुस्त करत बसलेली असते. पायवाटेवरून कुणीतरी येताना दिसतं. लांबून तिला आधी चाल ओळखू येते, माणूस नंतर. न्यायाधीश एकटाच असतो. काखेत छत्री आहे, पण एवढ्या उन्हात ती उघडलेली नाही, कारण छत्री पावसासाठी असते असं त्याचं मत. दाराशी येऊन तो दोनदा खाकरतो आणि विचारतो, "घरात कुणी आहे का?" खरं तर ती समोरच बसलेली असते! इथे ही वाचता वाचता नेहमी हसायची.

होडीवाली वर बघत नाही. तिला त्याचे जोडे दिसतात. एका जोड्याची टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. ती मनात म्हणते, एवढ्या लांब हा त्या पायावर आला. न्यायाधीश काहीतरी बोलायला तोंड उघडतो, बहुतेक माफी मागायला, पण त्याला ते जमत नाही. आणि तीही त्याला मागू देत नाही. ती एवढंच म्हणते, "जोडे आत काढा. बाहेर उन्हात चामडं ताठरतं." तो आत येतो. संपलं.

हे वाक्य ऐकलं की माझे हात थांबायचे. उन्हात चामडं ताठरतं हे एवढ्या मोठ्या लेखकाला कसं ठाऊक, याचं मला फार कौतुक वाटायचं. एकदा मी हिला म्हटलंसुद्धा, "हा माणूस आमच्यातला होता की काय?" ही म्हणाली, "असेल. त्याच्या बायकोला विचारायला हवं." आणि कितीतरी वेळ हसत बसली.

आता मंडळात नवीनच भांडण पेटलं आहे. प्रसंग छापलेला असो नसो, तो सगळ्यांच्या डोक्यात बसला. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, बोलायला तिखट. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं गप्प बसला आणि आता आला होय, दुपारचा फिरत फिरत? मी असते तर दारच लावून घेतलं असतं!" डॉक्टर म्हणाले, "अहो, पण आला ना?" तर त्या म्हणाल्या, "तिच्या आयुष्याची वाट लागल्यावर येऊन काय उपयोग? कोण विचारतंय त्याच्या टाचेला!" बेकरीवाले म्हणाले, "बाई, तुमच्या दाराशी येतो म्हणाला तर मी त्याला आधीच सावध करीन." वाचनालय बंद व्हायची वेळ टळून गेली, तरी कुणी उठेना.

तुम्ही काय म्हणता?

आपला


मंगळवार, २ एप्रिल

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी ते अनेकदा वाचलं.

एकच विचारायचं आहे. न्यायाधीशाची कोणती टाच झिजलेली होती? ती सांगत असे का? आठवत असेल तर उलट टपाली कळवा. नक्की आठवत नसेल तर कळवू नका.


शुक्रवार, ५ एप्रिल

आदरणीय दादांना,

डावी!

पत्र हातात पडलं आणि माझी खात्रीच झाली की तुमच्याकडच्या कुठल्यातरी जुन्या प्रतीत तो प्रसंग सापडला, नाहीतर टाच कशाला विचाराल? तसाच बेकरीत गेलो आणि सांगून टाकलं. बेकरीवाल्यांनी गिऱ्हाइकं सोडून मला मिठी मारली, माझा सदरा पांढरा झाला. तिथून ते थेट डॉक्टरांच्या दवाखान्यात. डॉक्टर कुणाचा तरी दात काढत होते, म्हणून हे दारातूनच ओरडले, "केक तुम्ही आणायचा!" त्या पेशंटचं काय झालं देव जाणे.

डावीच, बाहेरच्या बाजूनं. मी एकदा हिला म्हटलं होतं की अशी टाच झिजते म्हणजे माणूस तो पाय थोडा ओढतो, गुडघा किंवा घोटा लहानपणी दुखावलेला असणार. हिनं पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "तुला बघायला मिळाला असता तर तू त्याला नीट जोडे करून दिले असतेस ना?" मी म्हणालो, करून दिले असते की, आनंदानं. त्या दिवशी तिनं तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आणखी एक सांगतो, तुम्हाला प्रत ताडून बघायला उपयोग होईल. आमचं लग्न झालं तेव्हा तिनं पहिल्यांदा वाचला, त्या वेळी न्यायाधीशाचे केस काळे होते. पुढे कानांजवळ पांढरे झाले. नंतर कधीतरी त्याला चष्मा आला. गेल्या वर्षी वाचला तेव्हा तो वाटेत एका दगडावर दम खायला बसला. मी म्हटलं, "हा दगड आधी नव्हता." तर म्हणाली, "तुझं लक्ष नसतं." मला वाटलं, खरंच नसेल. पुस्तकातला माणूस थोडाच म्हातारा होतो?

कोणत्या सालची प्रत आहे ते लगेच कळवा. ग्रंथपाल बाई वाट बघताहेत.

आपला


मंगळवार, ९ एप्रिल

मेहुणे,

या नावानं तुम्हाला हाक मारायची ही पहिलीच वेळ. अक्षर नीट आलं नाही, समजून घ्या.

कुठलीही प्रत सापडलेली नाही. मंडळाला सांगून टाका, बेकरीवाल्यांची माफी मागा. तो प्रसंग कोणत्याच पुस्तकात नाही. तो तुमच्या बायकोनं रचला.

मी लहानपणी गच्चीच्या जिन्यावरून पडलो. तेव्हापासून डावा पाय जरा ओढतो. पँट लांब शिवून घेतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. चिमीच्या (घरी तिला आम्ही चिमीच म्हणायचो) येत असे. वर्गात मी दोनदा खाकरल्याशिवाय तोंड उघडत नसे. मुलं मागे नक्कल करायची, पण घरी चिमी करायची तशी कुणालाच जमली नाही. छत्रीचं तर तुम्ही लिहिलंतच. उन्हात छत्री उघडण्यावरून आमचं दरवर्षी भांडण व्हायचं. चष्मा मला कधी लागला ते तिला ठाऊक होतं. गेल्या वर्षी तिला गाडीवर सोडायला निघालो, तेव्हा कोपऱ्यावरच्या बाकावर मला बसावं लागलं होतं. दगड तिथून आला.

ती मला कधी 'ये' म्हणाली नाही. एकदाच जेवताना म्हणाली, "दादा, होडीवालीच्या झोपडीला कडीच नाहीये, तुझ्या लक्षात आलंय का?" मी तिला ते कितव्या प्रकरणात आहे ते सांगितलं.

वर्गात मी हाच प्रश्न द्यायचो: न्यायाधीश दाराशी का जात नाही? मुलं लिहायची, समाजाच्या भीतीमुळे, अहंकारामुळे, वर्गभेदामुळे. ज्याचं उत्तर लांब त्याला गुण जास्त. एका मुलीनं एकच ओळ लिहिली होती, "कारण त्याला वाटतं की अजून वेळ आहे." मी तिला नापास केलं होतं.

तुमच्या पोस्टातल्या बाईंचं म्हणणं बरोबर आहे. तरी विचारतो.

रविवारी, २१ तारखेला दुपारच्या बसनं येऊ का? चालत नसेल तर न लिहिताच कळेल मला. 'या' म्हणालात तर स्टँडवर घ्यायला येऊ नका. कोपऱ्यापासून चालत येईन.

दादा


शुक्रवार, १२ एप्रिल

दादा,

या.

तिनं रचला! मला अजून खरं वाटत नाही. रोज संध्याकाळी माझ्यासमोर पुस्तक उघडं धरून बसायची, पानं उलटायची, बोट ओळीवरून फिरवायची आणि जे म्हणायची ते पुस्तकात नव्हतंच! आणि वर मलाच सांगायची, तुझं लक्ष नसतं! मी कार्यशाळेत बसल्या बसल्या मोठ्यानं हसलो, तर शेजारचा कारागीर आरी टाकून बघायला लागला. ही गेल्यापासून मी हसलो नव्हतो हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

शनिवारची वाट न बघता मंडळाला जमवून सगळं सांगितलं. कुणाबद्दल ते सांगितलं नाही, फक्त तिनं रचला एवढंच. बेकरीवाले म्हणाले, "मग मी पैज हरलो की जिंकलो?" केक मात्र दोघांनीही आणला. पोस्टातल्या बाई दोन तुकडे खाऊनही म्हणाल्या, "तरी मी दार लावलंच असतं." मग जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "थोडा वेळ लावलं असतं. मग उघडलं असतं."

रविवारी दुपारी घरीच आहे.

आपला


सोमवार, २२ एप्रिल

दादा,

तुम्ही सुखरूप पोचला असाल. माझ्या चपला तुम्हाला थोड्या सैल आहेत हे मला निघतानाच दिसलं होतं. जिना जपून उतरत जा.

काल दारात जे झालं ते बोलताना मला जमलं नाही, म्हणून लिहितो.

मी दुपारपासून दार उघडं टाकून बसलो होतो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. 'या दादा', मग प्रवासाचं, मग पाणी. गल्लीच्या कोपऱ्यावर तुम्ही वळलात आणि मला आधी तुमची चाल दिसली. छत्री काखेत, मिटलेली, डोकं घामानं थबथबलेलं. पुस्तकातला माणूस आमच्या गल्लीतून चालत येत होता. तुम्ही पायरीशी उभे राहिलात, दोनदा खाकरलात आणि मी समोर असताना विचारलंत, "घरात कुणी आहे का?"

ते तुम्ही मुद्दाम म्हणालात की आपोआप आलं, हे मी विचारणार नाही.

माझं ठरवलेलं सगळं उडून गेलं. तुम्ही वाकून पायरीवरच जोडे काढायला लागलात आणि मी म्हणालो, "अहो, जोडे आत काढा. बाहेर उन्हात चामडं ताठरतं."

दादा, देवाशपथ, मी ते तिच्या प्रसंगातलं म्हणून बोललो नव्हतो. मी ते सगळ्यांनाच म्हणतो. दूधवाल्याला, डॉक्टरांना, ग्रंथपाल बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनाही. लग्न झाल्यापासून म्हणत आलोय. ही मला त्यावरून चिडवायची. तोंडातून शब्द गेले, तुम्ही वाकलेले तसेच थांबलात, आणि तेव्हा कुठे मला कळलं की होडीवाली कोण होती. इतकी वर्षं मी स्वतःचंच वाक्य ऐकून हात थांबवत होतो, आणि लेखकाचं कौतुक करत होतो!

आधी तुम्ही हसलात. मग आपण दोघंही. तुम्ही भिंतीला धरून आत आलात आणि तुमचा एक जोडा उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, तसाच राहिला. त्यानंतर तुम्ही रडलात ते मी पाहिलं नाही असं समजा. मी पाणी आणायला गेलो होतो.

तुम्ही माफीचं काही बोलायला लागलात तेव्हा मी तुम्हाला मध्येच तोडलं. उद्धटपणा वाटला असेल. पण होडीवालीनं मागू दिली नव्हती. तिच्या पुढे जाण्याचा मला अधिकार नाही.

मंडळात शनिवारी सांगेन की प्रसंगात थोडी दुरुस्ती आहे, जोड्यांचं ऐकून दोघंही हसतात. बोलायचं आहे, आणि या वेळी कुणी ढकललं नाही तरी बोलेन.

आता कामाचं. तुमचे जोडे मी ठेवून घेतले आहेत. उजवा ठीक आहे. डाव्याची टाच पूर्ण बदलावी लागेल आणि तळाला आतून एक पट्टी घालीन, म्हणजे पाय ओढला जाणार नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे जोड मी पोस्टानं पाठवतो. हे पाठवणार नाही. येऊन घेऊन जा. घाई नाही, पण उन्हाळ्यातच या. छत्री उघडायचा आग्रह मी करणार नाही.

हे पत्र इथेच थांबवतो, कारण हात मोकळे हवेत. खिडकीपाशी हिची खुर्ची आहे, तिच्यावर ती कादंबरी मिटून ठेवली आहे. दोऱ्याला मेण लावून झालं. डावा जोडा गुडघ्यांत धरला आहे, आणि आता जुनी टाच काढायला घेतो.